बशीतला चहा

घरी पाहुणे आले की वाफाळता चहा पुढे करावा, ही आपली रीत. कप थोडा कोमट झाला तरी आपल्याला चुकल्यासारखे वाटते. पण चहा नेमका किती गरम असावा, याचा विचार आपण क्वचितच करतो.

नुकताच गाळून ओतलेला चहा सहज ८० अंश सेल्सिअसच्या वर असतो. त्याची उष्णता अनेक वाटांनी बाहेर पडते. काही कपातून आपल्या बोटांकडे येते, काही वरच्या हवेबरोबर निघून जाते. पण उघड्या कपात मोठी वाट असते ती वाफेची. १०० ग्रॅम चहातले फक्त १ ग्रॅम पाणी वाफ होऊन उडाले, तरी उरलेला चहा सुमारे ५ अंशांनी निवतो.

म्हणूनच दादीजान बशीत चहा ओततात, ती जुनी खोड नव्हे, शहाणपण आहे. बशीत चहा पसरतो, वाफ जायला जागा वाढते. फुंकर घातली की वरची दमट हवा सरते आणि वाफ आणखी झपाट्याने निघते. उलट साय धरली किंवा झाकण ठेवले की वाफ अडते आणि आतला चहा बराच वेळ कढत राहतो. स्टीलचा पेला निदान बोटांना चटका देऊन सावध करतो. कपाचा कान मात्र गार राहतो आणि आपण फसतो.

हे सांगायचे कारण गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवली. इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५० हजारांहून अधिक लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिथेही खूप गरम चहा भरपूर पिणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला. दोष चहाचा नाही, कढतपणाचा आहे. तंबाखू-गुटख्याचा धोका तर याहून मोठा, आणि दोन्ही सवयी एकत्र असतील तर अधिकच जपायला हवे.

तेव्हा चहा ओतल्यावर पाचेक मिनिटे थांबू या. घोट ओठांना पोळत असेल तर आणखी थोडे. तोवर कप लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवू या, त्यांची नाजूक कातडी क्षणात भाजते. आणि अब्बांना घाई असेलच, तर त्यांच्यापुढे बशी सरकवू या.