काटा वर गेला की...

परवाच्या कार्तिकी यात्रेआधीचा रविवार. आईला माऊलींचं दर्शन घडवायचं म्हणून मोशीहून निघालो. गाडी माझीच, २००९ची डिझेल एसयूव्ही. (कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच भक्तमंडळींशी वाद नको!) देहूफाट्याच्या अलीकडे वाहतूक तुंबली आणि टेंपरेचरचा काटा चढू लागला. एसी बंद केला, हीटर फुल्ल सोडला. इंजिनची थोडी उष्णता तरी आत येते, एवढं ऐकून माहीत होतं. आई म्हणाली, "अरे, भाजून काढतोस की काय?" शेवटी कडेला थांबलो. दर्शन राहिलंच.

दुसऱ्या दिवशी नेहमीचं गॅरेज. पाच मिनिटांत निदान: "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल. ३५ हजार धरून चाला. खरं सांगू का साहेब, १५ वर्षं होऊन गेली, काढून टाका आता."

मी जवळजवळ काढलीच होती. पण गाडी बाबांनी घेतलेली. ते गेल्यावर त्यांच्या हातच्या मोजक्याच वस्तू चालू स्थितीत उरल्यात, त्यातली ही एक. म्हणून आळंदीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "हायवेला तापते का?"

"नाही. फक्त गर्दीत."

"मग गॅस्केट कशाला जाईल?"

डिपस्टिक काढली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. म्हणजे त्यात पाणी गेलेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. कूलंटची पातळी ठीक. मग गरम पण बंद इंजिनचा पंखा बोटाने फिरवला, तर तो गरागरा फिरला! त्याला रोध हवा होता. पंख्याच्या व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकॉन ऑइल असतं. रेडिएटरची गरम हवा लागली की कपलिंग पकड घेतं आणि पंखा जोरात फिरतो. ते ऑइल गळून गेलं होतं. हायवेला वारा पंख्याचं काम करतो, गर्दीत कोण करणार? कपलिंग बदललं, ३५ हजारांच्या पाव भागात काम झालं.

मंडळी, मला राग गॅरेजपेक्षा स्वतःचा आला. ऑफिसात बग आला की आपला पहिला प्रश्न, "रिप्रोड्यूस कधी होतो?" लॉग न बघता कुणी सगळा कोड पुन्हा लिहायला घेतला तर आपण त्याला वेड्यात काढू. गाडीच्या बाबतीत मात्र चावी देऊन मोकळे! इथून जवळच चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये आणि महिंद्राचा २०१० मध्ये सुरू झाला. गाड्या बनवणाऱ्या पट्ट्यात राहतो आपण, आणि बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे ते माहीत नाही.

माझं मत साधं आहे. गाडी जुनी झाली म्हणून बंद पडत नाही, कुणी बघत नाही म्हणून पडते. महिन्यातून एका रविवारी १५ मिनिटं द्या. ऑइल आणि कूलंट बघा, तेही इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. नळाचं पाणी ओतू नका, क्षार साचतात. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर साफ करा. स्टार्टर मारताना नुसतं टकटक होण्याचं कारण बरेचदा तेवढंच असतं. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतंच.

ब्रेक, स्टेअरिंग आणि डिझेलच्या हाय प्रेशर लाइनला मात्र स्वतः हात लावू नका. तिथे जाणकारच हवा. पण त्याच्याकडे जाताना "गाडी बिघडली" एवढंच सांगू नका. कधी, किती वेगात, गरम असताना की थंड, हे लिहून न्या. अर्धं निदान तिथेच होतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण तपासणी होऊन पुढे ५ वर्षांसाठी वाढवता येते. माझी वाढवलीय. सरकार संधी देतं, तर आपण का देऊ नये?

असो. गेल्या रविवारी आईला पुन्हा आळंदीला नेलं. फाट्यावर तशीच गर्दी, पण काटा मध्यावर निवांत. आई मागून म्हणाली, "तुझे बाबा दर रविवारी बॉनेट उघडून बसायचे. मला वाटायचं, घरकाम टाळतात." :-)