झेंड्यासाठी जमाव, गिरणीसाठी कोण?

17 एप्रिल 2022 च्या रात्री अचलपूरच्या दुल्हा गेटवर झेंड्यावरून दगडफेक झाली आणि संचारबंदी परतवाड्यालाही भोगावी लागली. भीमजयंती होऊन तीनच दिवस झाले होते! संचारबंदीत चूल कोणाची विझते? हमालाची, हातगाडीवाल्याची. भाषण ठोकणाऱ्याची नाही.

आदल्या नोव्हेंबरात अमरावती पेटली. तेव्हा अटक होऊन जामिनावर सुटलेले एक माजी मंत्री पुढच्या जूनमध्ये राज्यसभेवर गेले. पोरांवरचा गुन्हा मात्र पोलीस पडताळणीत नोकरीच्या आड येतो. आणि 2020 च्या टाळेबंदीत अचलपूरची फिनले मिल बंद पडली, तिच्यासाठी असा जमाव कुठे होता? शेजाऱ्यावर राग काढणारा माणूस सत्तेला हिशेब विचारत नाही, म्हणून तर हा राग पेटता ठेवला जातो.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी सांगितले होते की, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याच ग्रुपवर शिवीगाळ फॉरवर्ड करणारे कमी आहेत का?

द्वेषाच्या भाषणावर तक्रार नसली तरी गुन्हा नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 ला सर्व राज्यांना दिला. तेव्हा पुढच्या सभेत दगड नको, मोबाईल काढा. भाषण रेकॉर्ड करा, ठाण्यात लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. जयभीम!