बोलल्याशिवाय सोंगटी हलू नये

इंग्रजीच्या तासाला खेळ घेणारे शिक्षक आता गावोगाव आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बऱ्याच वर्गांत फासा पडतो, सोंगट्या पळतात, कुणीतरी जिंकते आणि तासभरात मुलांच्या तोंडून इंग्रजी येते ते 'वन, टू, थ्री' आणि 'माय टर्न' एवढेच. यात मुलांचा दोष नाही. सापशिडी जिंकायला बोलावे लागतच नाही. म्हणून खेळ निवडताना शिक्षकाने स्वतःला विचारावे, की या पटावर न बोलता पुढे जाता येते का? येत असेल तर तो तास करमणुकीचा झाला, भाषेचा नाही.

या कसोटीला उतरणारा पट आपल्या तालुक्यातून, जिल्ह्यातून तयार करता येतो. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्याकडे जिल्हावार निघत आले आहे. त्यातला नकाशा कार्डशीटवर मोठा काढला की निम्मे काम झाले. तो मुलांनीच काढावा.

सातारा जिल्हा घ्या. साताऱ्याहून महाबळेश्वरला जायला दोन वाटा. एक वाई, पसरणी घाट, पाचगणी अशी, दुसरी मेढा आणि केळघर घाटातून. दोन्ही रस्ते पटावर घरे पाडून आखायचे. चार मुलांचा गट, आणि प्रत्येकाच्या हातात इतरांना न दाखवायची एक चिठ्ठी. एकीवर लिहिलेले असते, की केळघर घाटात दरड कोसळली आहे. ज्याची पाळी त्याने फासा टाकण्याआधी विचारायचे, 'इज द केळघर रोड ओपन?' चिठ्ठीवाल्याने सांगायचे, 'नो, इट इज क्लोज्ड.' मग पहिल्याने निर्णय सांगायचा, 'आय विल गो थ्रू वाई.' अडला तर गटाने मदत करावी, पण वाक्य पुरे झाल्याखेरीज सोंगटी जागची हलायची नाही. सारा खेळ या एका नियमावर उभा आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत जो 'बंगळूर प्रकल्प' राबवला, त्यात नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके घेऊन मुलांना इंग्रजीतून कोडी सोडवायला दिली जात. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे नसते, म्हणून विचारावे लागते; हाताशी असलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायचा असतो, म्हणून विचार करावा लागतो. प्रभूंनी वर्णिलेले हे दोन्ही प्रकार आपल्या घाटरस्त्याच्या पटावर आपोआप येतात.

पट आपल्याच भागाचा का, याला कारण आहे. लंडनच्या नकाशावर मुलाला गाव अनोळखी आणि भाषाही अनोळखी, अशा दोन अडचणी एकदम येतात. मेढ्याच्या मुलाला केळघरचा घाट ठाऊक असतो. पावसाळ्यात तिथे एसटी का अडकते हे त्याला सांगायचेच असते. अडते ते फक्त इंग्रजीचे. आणि नेमके तेवढेच आपल्याला शिकवायचे आहे. 'वाईहून', 'घाटातून', 'कराडपर्यंत' यांत मराठीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नावाच्या शेवटी चिकटते, तर इंग्रजीत 'फ्रॉम', 'थ्रू', 'टू' आधी येतात. ही अदलाबदल फळ्यावर कितीही समजावली तरी जिभेवर बसत नाही. पटावर मात्र प्रत्येक पाळीला ती करावीच लागते.

तुलनेची वाक्येही जिल्हाच पुरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. 'इट रेन्स मोर इन महाबळेश्वर दॅन इन दहिवडी' हे वाक्य दहिवडीच्या मुलीने म्हणताना ऐकावे! तिला त्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरला उगम पावून कराडला भेटतात, यातही 'राइज', 'फ्लो', 'मीट' ही क्रियापदे सहज येतात.

चुका दुरुस्त करायला खेळ मध्येच थांबवू नये. शिक्षकाने वहीत टिपून ठेवाव्यात आणि शेवटच्या दहा मिनिटांत चार-पाच वाक्ये फळ्यावर घ्यावीत. डावपेच ठरवताना मुले मराठीत भांडली तर भांडू द्यावीत. चाल इंग्रजीत व्हावी, एवढा आग्रह पुरे.

शिष्यवृत्तीच्या तयारीत याला वेळ कुठला, हा प्रश्न रास्त आहे. रोज खेळ नकोच. पंधरवड्यातून एक तास ठेवावा, आणि खेळात बोललेली वाक्ये त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावीत. लेखनाचा सराव वेगळा करावा लागत नाही. द्विशिक्षकी शाळेत तर एक वर्ग पटावर बसला की दुसऱ्या वर्गाकडे बघायला शिक्षकाला उसंत मिळते.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. इतक्या वर्षांनंतरही पाचवीतले मूल इंग्रजीत एक प्रश्न स्वतःहून विचारत नसेल, तर पुस्तके बदलण्याआधी आपण त्याला विचारण्याचे कारण दिले का, हे तपासले पाहिजे. वाचक शिक्षकांना विनंती, की या सत्रात आपल्या तालुक्याचा एक पट मुलांकडून करून घ्या. त्याचे नियम आणि खेळताना मुलांच्या तोंडून आलेली वाक्ये, चुकांसकट, आमच्याकडे पाठवा. निवडक पट पुढच्या अंकांत छापू.