अपयशी कर्णधार कोणाला म्हणावे?

केवळ आकड्यांवरून वाईट कर्णधार ठरवायचे, तर सांगलीत जन्मलेले विजय हजारे सहज दोषी ठरतील: १४ कसोटी, ५ पराभव, विजय एकच. पण तो एक विजय भारताचा पहिलावहिला, १९५२चा मद्रासचा! त्याच वर्षी लीड्सला शून्यावर चार गडी बाद झाल्यावर डाव सावरताना ५६ धावा काढल्या त्या हजाऱ्यांनीच. पुढे मँचेस्टरला संघ एकाच दिवशी ५८ आणि ८२ धावांत दोनदा गारद झाला. ट्रूमनच्या त्या वेगाचा सराव आपल्या फलंदाजांना होताच कोठे? हजारे अबोल, सावध. डावपेचांत धाडस कमी, हा आक्षेप मला मान्य आहे. मँचेस्टरचे खापर मात्र त्यांच्या एकट्याच्या माथी फोडता येणार नाही.