उत्तर आलें, पण तें खरें कशावरून?

दोन विद्युद्भारांमधील बल काढण्याचें उदाहरण घातलें, कीं बहुतेक विद्यार्थी सूत्र आठवतात, आंकडे भरतात आणि उत्तराखालीं दोन रेघा ओढून मोकळे होतात. तें उत्तर संभवनीय आहे कीं नाहीं, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत उठतो. आमच्या मतें खरा अभ्यास त्या दोन रेघांनंतरच सुरू होतो.

हा नियम फ्रेंच इंजिनियर शार्ल कूलोम यानें इ. स. १७८५ मध्यें प्रयोगानें दाखवून दिला. बारीक तारेला आडवी काडी टांगून तिच्या टोकाशीं एक भारित गोळी बसविली. दुसरी भारित गोळी तिला किती जोरानें दूर लोटते, हें त्यानें तारेस पडलेल्या पिळावरून मोजलें. बल हें दोन्ही भारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणांत व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, असें त्यास आढळलें.

आतां एक उदाहरण पहा. एका कूलोमचा दहा लाखावा भाग, एवढे दोन भार हवेंत १० सेंटिमीटर अंतरावर आहेत. अंतर ०.१ मीटर, त्याचा वर्ग ०.०१, आणि स्थिरांक सुमारें ९०० कोटी. म्हणून बल ०.९ न्यूटन, म्हणजे सुमारें ९२ ग्रॅम वजनाइतकें. वर्ग करण्यास विसरल्यास ०.०९ येतें, सेंटिमीटरांचे मीटर न केल्यास ०.००००९ येतें, म्हणजे खऱ्याहून दहा हजार पटींनीं कमी! वहींत मात्र तिन्ही उत्तरें सारखींच नीटनेटकीं दिसतात. पूर्ण एक एक कूलोमचे दोन भार एक मीटरवर असते, तर त्यांमधील बल सुमारें नऊ लाख टन वजनाइतकें भरलें असतें. हें ज्याच्या ध्यानांत आहे, त्यास लहानशा गोळ्यांसाठीं कोट्यवधि न्यूटन उत्तर आल्यास तत्काळ शंका येईल.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं 'गुण किती मिळाले?' याबरोबरच 'हें उत्तर खरें कशावरून?' असेंही मुलांस विचारावें. त्यासाठीं स्वतःस पदार्थविज्ञान येण्याची गरज नाहीं. खोट्या तराजूचा पवित्र शास्त्रानें निषेध केला आहे. बाजारांतील तराजूस जो न्याय, तोच विद्यार्थ्याच्या वहीसही लागू आहे. न पडताळलेलें उत्तर हें न तपासलेल्या मापासारखेंच होय.