गोष्ट वाचणं वेगळं, माहिती वाचणं वेगळं



मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. मागच्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा कळलं की धाकट्या भावाला जुलाब लागले होते. आईबाबा निंदणीला गेलेले, त्यामुळे घरी हीच. आशाताईंनी ओआरएसची पाकिटं देऊन ठेवली होती. हिने एक पाकीट फोडलं आणि अख्खं एका पेल्यात घोळवून भावाला प्यायला दिलं. खारट लागतं म्हणून तो पीत नव्हता, हे एक बरं झालं. संध्याकाळी आशाताई आल्या, पेला पाहिला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचं असतं. पाणी कमी घेतलं तर क्षारांचं प्रमाण वाढतं आणि बाळाला उलट अपाय होतो. सुदैवाने पोरगा बरा झाला.

मी तिला म्हटलं, "अगं, पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. वाचलं नाहीस का?"

"वाचलं बाई."

दुसऱ्या दिवशी ती रिकामं पाकीट घेऊन आली आणि मला खडाखडा वाचून दाखवलं. मजकूर हिंदीत होता, तरी एक अक्षर चुकलं नाही. 'एक लिटर' हे शब्दसुद्धा तिने स्पष्ट वाचले. मग हळूच म्हणाली, "पण बाई, ते तसंच करायचं असतं का? मला वाटलं नुसतं लिहिलेलं आहे."

नुसतं लिहिलेलं आहे! हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ही मुलगी आमच्या शाळेत प्रकट वाचनात पहिली येते. तिच्या वाचनाला मी स्वतः 'अतिशय छान' असा शेरा दिला आहे. म्हणजे चूक तिची नाही. वाचन म्हणजे मोठ्याने, न अडखळता म्हणणं आणि मग खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणं, हे तिला आम्हीच शिकवलं.

सगळ्या पाठांना एकच टाचण

डी.एड.ला असताना सराव पाठांसाठी आपण टाचणं काढायचो, आठवतं ना? आदर्श वाचन, प्रकट वाचन, कठीण शब्दांचे अर्थ, प्रश्नोत्तरे, स्वाध्याय. पाठ कथेचा असो, शास्त्रज्ञाच्या चरित्राचा असो नाहीतर पाणी वाचवण्याचा असो, टाचण तेच. पुढे नोकरी लागली, कागद बदलले, पण वर्गातली सवय तीच राहिली. निदान माझी तरी राहिली.

याचा तोटा दोन्हीकडून होतो. माहितीचा पाठ मुलं पाठ करतात, पण माहिती वापरत नाहीत. आणि गोष्ट मात्र माहितीसारखी वाचतात. कोण कोणास म्हणाले, गावाचे नाव काय, शेवटी काय झाले. गोष्टीतल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे विचारायला तासिका उरत नाही.

लुईझ रोझेनब्लाट नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात वाचनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एका तऱ्हेत वाचून झाल्यावर सोबत काय न्यायचं, याकडे वाचणाऱ्याचं लक्ष असतं. दुसरीत वाचता वाचता मनात जे घडतं, तेच महत्त्वाचं असतं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर पहिल्या तऱ्हेने वाचायचा आणि कविता दुसऱ्या. आपली मुलं कविता औषधाच्या बाटलीसारखी वाचतात, आणि बाटलीवरचा मजकूर कवितेसारखा नुसता म्हणून टाकतात, असं मला आता वाटू लागलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही दोन वाचनं वेगळी आहेत हे मुलांना सांगितलं पाहिजे, आणि दोन्ही मराठीच्या तासाला शिकवली पाहिजेत.

माहिती कशी वाचायची

माहितीपर मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचाच असतो असं नाही. एसटीचं वेळापत्रक कोणी वरून खाली वाचतं का? आपल्याला काय हवं आहे ते आधी ठरवायचं, मग शीर्षक, उपशीर्षकं, तक्ता, चित्राखालची ओळ पाहायची आणि नेमकं तिथे थांबायचं. मोठ्यांना हे आपोआप जमतं. मुलांना ते दाखवावं लागतं. मी भूगोलाच्या पुस्तकातलं एक पान फळ्यावर आखते आणि विचारते, "पावसाबद्दल माहिती हवी असेल तर डोळे कुठे न्याल?" पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे पहिल्या ओळीवर होते. महिन्याभरात बोटं बरोबर उपशीर्षकावर जायला लागली.

दुसरी गोष्ट लहान शब्दांची. कठीण शब्दांचे अर्थ म्हणून आपण 'पर्जन्यमान', 'उत्सर्जन' असे भारदस्त शब्द सांगतो. मुलं अडतात ती भलत्याच शब्दांवर: वगळता, अन्यथा, अनुक्रमे, पैकी, किमान, कमाल, मात्र. "रविवार वगळता दवाखाना रोज सुरू राहील" ही सूचना मी सहावीत दिली. निम्म्याहून जास्त मुलांनी दवाखाना रविवारी सुरू असतो असं सांगितलं. कारण वाक्यात रविवार आहे! आता वर्गाच्या भिंतीवर या शब्दांची यादी लावली आहे. सूचना, वीजबिल, बातमी यांत असा शब्द सापडला की मुलं तो यादीत वाढवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वाचलेलं करून बघणं. ओआरएसच्या पाकिटावरून मी हाच पाठ घेतला. पाण्याची एक लिटरची बाटली आणि घरचा पेला मुलांनी आणला. बाटली भरायला किती पेले लागतात ते मोजलं. कोणाला चार लागले, कोणाला पाच. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनंतर वापरायचं नाही, हेही तेव्हाच नीट वाचलं गेलं. तो तास कोणी विसरणार नाही.

आमचा भाग कपाशीचा. म्हणून कीटकनाशकाच्या लेबलवरचा चौकोनही फळ्यावर काढला. (बाटल्या वर्गात आणायच्या नाहीत, हे आधीच बजावलं होतं.) त्यात खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरी कोणती फवारणी चालते हे मुलांना तोंडपाठ होतं, पण रंगाचा अर्थ एकालाही माहीत नव्हता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. त्यामागे अनेक कारणं होती. नुसतं लेबल वाचून सगळं टळलं असतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण घरात एक तरी डोळसपणे वाचणारं पोर असावं, एवढं वाटतं.

आणि गोष्ट?

इथे एक धोका आहे. हे सगळं उपयोगाचं आहे म्हटल्यावर गोष्टी-कविता म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असं वाटू शकतं. मला तसं अजिबात वाटत नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते आणि पोहायला पाठवते, तो प्रसंग मी आठवीला वाचून दाखवला. पूर्वी मी विचारलं असतं, श्याम पोहायला का जात नव्हता? उत्तर एका वाक्यात. या वेळी विचारलं, "मारताना आईला काय वाटत असेल? आणि तुम्हाला हे कशावरून वाटलं?"

वर्ग दोन गटांत विभागला गेला. एक म्हणाला, आई रागीट आहे. दुसरी म्हणाली, नाही, तिला भीती वाटते की लोक पोराला भित्रा म्हणतील. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "बाई, माझी आई मारते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते." वर्ग एकदम शांत झाला. कोणी हसलं नाही. त्या तासाला मी फळ्यावर एकही उत्तर लिहून दिलं नाही.

हे काम माहितीचा पाठ करू शकत नाही. दुसऱ्याच्या मनात शिरायची वाट गोष्टीतूनच जाते. मात्र 'तुला काय वाटतं' एवढ्यावर सोडून चालत नाही. 'कशावरून' हा प्रश्न सोडायचा नाही. म्हणजे मूल परत मजकुराकडे जातं, ओळ शोधतं, आणि स्वमत म्हणजे मनाला येईल ते लिहिणं नव्हे, हेही शिकतं.

शिक्षक मित्र विचारतात ते

"सातवीत आलेली काही पोरं अजून जोडाक्षरांवर अडतात, त्यांना हे कुठे?" असं एका सहकारी सरांनी मला विचारलं. प्रश्न खरा आहे. माझ्याही वर्गात अशी चार-पाच मुलं आहेत. त्यांचा वाचनाचा सराव वेगळा चालतो. पण विचार करायला ती कमी नाहीत. त्यांना वाचून दाखवलं की उत्तरं देतात. मागच्या बाकावरचा तो मुलगा त्यांच्यापैकीच एक.

"अभ्यासक्रम कधी संपवायचा?" हाही प्रश्न असतोच. मी आठवड्यातून दोन तासिका यासाठी ठेवते, एक माहितीची, एक गोष्टीची, आणि शक्यतो पुस्तकातलेच पाठ वापरते. प्रश्नोत्तरं लिहून देण्यात जाणारा वेळ वाचवला की एवढा वेळ निघतो.

पालकांसाठी

आईबाबांनो, तुम्हाला वेगळी पुस्तकं आणायची गरज नाही. वीजबिल आलं की पोराच्या हातात द्या आणि विचारा, या महिन्यात किती युनिट वापरले? कोणत्या तारखेनंतर जास्त पैसे भरावे लागतील? औषध आणलं की मुदत कधी संपते ते त्यालाच शोधू द्या. चुकलं तर रागावू नका, कुठे पाहिलंस ते विचारा. आणि रात्री एखादी गोष्ट वाचलीत, तर मात्र लगेच "यातून काय शिकलास?" असं विचारू नका. थोडा वेळ ती गोष्ट त्याच्याजवळ राहू द्या.

ती मुलगी आता आठवीत गेली आहे. परवा शाळेच्या फलकावर शिष्यवृत्तीची सूचना लागली होती. ती समोर उभी राहून मनातल्या मनात वाचत होती. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, यात उत्पन्नाचा दाखला लागेल असं लिहिलंय, पण तो कधीपर्यंत द्यायचा ते लिहिलेलं नाही. कोणाला विचारू?"

मी सूचना पुन्हा वाचली. तारीख खरंच राहून गेली होती. सूचना मीच लिहिली होती.