जाळ एकीकडे पडतो? पंख्याआधी पोतं पाहा

मंडळी, पेलेटच्या शेगडीचा जाळ वाकडा झाला की लोक आधी पंख्याला शिव्या देतात. माझं मत वेगळं आहे. आधी पोतं उघडून पाहा.

गांधीबागेत आमच्या आत्याबाईकडे मागच्या अंगणात अशी शेगडी आहे. जाळ डावीकडं उंच, उजवीकडं नुसता धूर, अन् गंज काळाकुट्ट. दुरुस्तीवाला म्हणे, पंखा बदला. पंखा चांगला फिरत होता. पोतं मात्र पावसाळाभर फरशीवर, भिंतीला टेकून होतं. तळच्या कांड्या बोटानं दाबल्या की भुसा!

काहून होते असं? शेगडीत हवा दोन जागी शिरते. खालच्या हवेनं कांड्या तापून गॅस सुटतो, वरच्या भोकांच्या हवेनं तो पेटतो. चुरा किंवा राख एका बाजूला बसली की तिथली हवा अडते अन् जाळ दुसरीकडं पळतो. ओल्या कांडीचं तर विचारूच नका. एक किलो पाणी उडवायला सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात, त्या तुमच्या भाजीच्या वाट्याच्या.

म्हणून या क्रमानं पाहा:

१. शेगडी थंड झाल्यावर राख झाडा, जाळीला चिकटलेले खडे काढा.
२. वरची भोकं तारेनं मोकळी करा.
३. कांड्या चाळून घ्या. कोरडी कांडी कट्‌कन मोडते, ओली भुगा होते.
४. भरताना सपाट भरा, वरच्या भोकांच्या खालीच थांबा. वरून, सगळीकडून सारखं पेटवा.
५. एवढं करूनही जमलं नाही, तर मग पंख्याची धूळ अन् बॅटरी पाहा.

बंद खोलीत मात्र पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता मुद्द्याचं. औष्णिक केंद्र पेलेट घेते तेव्हा ओलावा अन् उष्मांक तपासून घेते. घरच्या गिऱ्हाईकाला काय मिळते? आत्याबाईच्या पोत्यावर वजनाशिवाय एक अक्षर नव्हतं. ओलावा किती, राख किती, माल पऱ्हाटीचा की धानाच्या तुसाचा, हे छापलंच पाहिजे. तुसात राख पंधरा-वीस टक्के असते. भंडारा-गोंदियाकडचं तूस स्वस्त पडते, पण तशा कांड्या वापरल्या तर शेगडी जास्त वेळा झाडावी लागते. गिऱ्हाईकाला हे आधी माहीत नको का?

पुण्याच्या फर्स्ट एनर्जीची ‘ऊर्जा’ शेगडी आठवते? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, लाखो घरांत गेली. शेगडी चांगली होती, पण पेलेट महागले अन् घरगुती गिऱ्हाईक गळालं. शेगडी इंधनाच्या भरवशावर चालते, हे तेव्हाच दिसलं.

अन् शेतकरी भावांनो, पोत्याची गोष्ट आपल्या धुऱ्यावरूनच सुरू होते. बोंडअळीसाठी पऱ्हाटी मुळासकट उपटायची, हे बरोबरच आहे. पण मुळाची माती झटकून द्या. ती माती शेगडीत राखेसंगं वितळून खडे होतात. ढीग ओट्यावर किंवा लाकडांवर रचा, पहिल्या पावसाआधी गाडी भरून जाऊ द्या. अन् स्वच्छ, कोरड्या मालाला वेगळा भाव मागा. मातीच्या अन् कोरड्या मालाला एकच भाव असेल, तर झटकायची मेहनत कोण करन?

गांधीबागेतल्या घरात जाळ सरळ राहिला, तर आपल्या पऱ्हाटीला दारात गिऱ्हाईक राहील. नाही तर तीच पऱ्हाटी पुन्हा धुऱ्यावर पेटवायची, अन् धूर दोघांच्याही डोळ्यात.